जंतूंचं वाढतं, आमचं नाही

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लातूरला भावाकडे गेले होते. चकल्यांचा घाणा चालू होता आणि पुण्याला एम.एस्सी. करणारी माझी भाची ओट्याला टेकून मला मोबाइलवरचा एक फोटो दाखवत होती. सेंट्रिफ्यूजमधून काढलेल्या दोन नळ्या, दोन्हींच्या तळाशी ई. कोलाय या जंतूचा घट्ट बसलेला गाळ. डावीकडचा नेहमीसारखा फिकट, मळकट पिवळा. उजवीकडचा चक्क तांबूस. "आत्या, बघ की, नुसत्या डोळ्यांना दिसतंय. हिमोग्लोबिन आहे ते!" मग आईलाही कळावं म्हणून तिनं सोपं करून सांगितलं, की आम्ही जंतूंच्या अंगात हिमोग्लोबिनचं जनुक घालतो, म्हणजे हवा कमी पडली तरी ते जोमानं वाढतात. भावजय सोऱ्या दाबत होती. हात न थांबवता म्हणाली, "बरंय बाई. जंतूंचं वाढतं, आमचं नाही वाढत."

सगळे हसले, मीही हसले. पण तिचा हिमोग्लोबिनचा रिपोर्ट फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला होता आणि त्यावर ८.१ या आकड्याभोवती पेनानं गोल केलेला होता. गेली तीनेक वर्षं तो आकडा आठ आणि नऊच्या मध्ये हेलपाटे घालतोय. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, त्या गोळ्यांनी शौचाला काळी होते आणि मळमळतं म्हणून मधेमधे बंदही झाल्या. बीट झालं, खजूर झाला, गूळ-शेंगदाणे झाले, भाजीसाठी लोखंडी कढई आली. (बिटाच्या लाल रंगाचा लोहाशी काही संबंध नाही हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी ताटात बिटाची कोशिंबीर येते.) जिन्याच्या वळणावर ती "जरा थांबते" म्हणून कठड्याला हात लावून उभी राहते, तेव्हा गालांपेक्षा तिचे ओठ आधी पांढरे पडतात. अशा बाईच्या घरात तिचीच मुलगी जंतूंना हिमोग्लोबिन देऊन आली होती. टोमणा सहज होता, पण त्यात एक सरळ प्रश्न होता, आणि माझा जन्म फर्मेंटेशनमध्ये गेलेला असल्यामुळे तो माझ्या मागेच लागला.

औषध कंपनीत मी जंतू वाढवायचं काम केलं. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन तिथं तयार व्हायला लागलं, आणि आमचे पहिले शिफ्ट इन-चार्ज तिथंच तयार झालेले होते. माझी कंपनी दुसरी, लहान. पण टाक्या त्याच धाटणीच्या: तीन मजले उंच, स्टीलच्या, आत फिरणारं अ‍ॅजिटेटर, तळाशी हवा सोडणारं स्पार्जर, आणि इमारतीच्या मागे कॉम्प्रेसर. तिसऱ्या शिफ्टला त्या कॉम्प्रेसरचा आवाज दातांत बसायचा. घरी येऊन झोपलं तरी पलंगाला हादरे बसताहेत असं वाटायचं. टाकीत मका-पाण्याचा आंबूस वास, साखरेच्या पाकाचा वास, आणि स्ट्रेप्टोमायसिस या मातीतल्या जंतूची बॅच असेल तर गॅलरीभर पहिल्या पावसाचा वास; मे महिन्यात, पहाटे तीन वाजता, पत्र्याच्या छपराखाली. पॅनलवर कागदाच्या गोल तबकडीवर एक पेन फिरायचं. पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलेला आहे ते त्या पेनानं कळायचं. आम्ही त्याला 'डीओ' म्हणायचो. नोकरीची सगळी वर्षं मी त्या एका रेघेकडे बघत काढली असं म्हटलं तरी चालेल.

बॅच नवी असताना पेन वर, शंभराजवळ. जंतू वाढायला लागले की ते उतरायला लागतं. वीस-पंचवीसच्या खाली गेलं की ऑपरेटर अ‍ॅजिटेटरचा वेग वाढवायचा, मग हवा वाढवायची, मग टाकीतला दाब. फेस वर चढला की अँटीफोम. आणि एखाद्या रात्री वीज लपकली, कॉम्प्रेसर ट्रिप झाला, की ते पेन सरळ शून्यावर. मिनिटभरसुद्धा लागायचं नाही. आमचा एक जुना ऑपरेटर तेवढ्यात टाकीच्या अंगावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "गुदमरली." जनरेटर चालू होऊन हवा परत सुरू व्हायची, पेन वर यायचं, पण त्या दोन-तीन मिनिटांची किंमत पुढे उत्पन्नात दिसायची. ई. कोलायची बॅच असेल तर सॅम्पलच्या बाटलीला व्हिनेगरचा वास यायचा. हवा पुरली नाही की साखर पूर्ण न जाळता तो जंतू अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड बाहेर टाकतो आणि मग स्वतःच्याच आंबटपणात वाढ थांबवून बसतो.

इतका कसला हा नाजूकपणा, असं बाहेरच्याला वाटेल. साखर आपण लिटरभर पाण्यात शेकडो ग्रॅम विरघळवू शकतो, एकदा घातली की तासन्‌तास पुरते. ऑक्सिजनचं तसं नाही. ३७ अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात हवेतला ऑक्सिजन जेमतेम सात मिलिग्रॅम मावतो. दाट वाढलेले जंतू तो काही सेकंदांत संपवतात. म्हणजे त्यांच्या ताटात कायम एकच घास असतो, आणि तो संपायच्या आत पुढचा वाढावा लागतो. त्यासाठी आम्ही शेकडो हॉर्सपॉवरच्या मोटरी चालवायचो आणि तळातून सोडलेल्या हवेतला बराचसा ऑक्सिजन वापरला न जाताच छपरावरच्या नळीतून निघून जायचा. वीजबिल बघून मॅनेजरची झोप उडायची ती या एका गोष्टीपायी.

रक्ताचं गणित मात्र निराळं आहे. नुसत्या प्लाझ्मात लिटरमागे तीनेक मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. त्यात नेहमीच्या प्रमाणात हिमोग्लोबिन आलं की तो आकडा दोनशेच्या आसपास जातो. आणि लिटरभर हवेत ऑक्सिजन किती असतो? दोनशे दहा. म्हणजे निरोगी माणसाच्या रक्तात जवळजवळ हवेइतकाच ऑक्सिजन भरलेला असतो. मी हे पहिल्यांदा हिशेब करून पाहिलं तेव्हा माझ्या टाक्यांची मला जरा कीव आली होती.

आता गंमत अशी, की आमच्या टाक्यांना जे जमत नव्हतं ते डबक्यातल्या एका जंतूला जमलेलं होतं. व्हिट्रिओसिला त्याचं नाव. रंग नाही, रूप नाही, धाग्यासारखा लांबोडका, सरपटत चालणारा. साचलेलं पाणी, कुजका पाला, शेण असल्या ठिकाणी राहतो. यात विक्षिप्तपणा असा, की ऑक्सिजनशिवाय त्याचं पान हलत नाही आणि घर मात्र त्यानं जिथं ऑक्सिजन जवळजवळ नाहीच तिथं केलेलं. डेल वेबस्टर आणि हॅकेट यांनी १९६६ मध्ये त्याच्यातून एक लालसर प्रथिन शुद्ध करून काढलं आणि ते सायटोक्रोम आहे असं धरलं. म्हणजे श्वसनसाखळीतला, ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या प्रथिनांच्या रांगेतला, एक नेहमीचा गडी. वीस वर्षं ते त्याच नावानं वावरलं. १९८६ मध्ये वेबस्टर आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी त्याच्या अमिनो आम्लांचा क्रम लावला तेव्हा उलगडा झाला, की हे सायटोक्रोम नव्हेच, हिमोग्लोबिन आहे. १४६ अमिनो आम्लांची एक साखळी, अशा दोन मिळून एक रेणू. आणि त्याचं त्यातल्या त्यात जवळचं साम्य निघालं ते ल्युपिन नावाच्या शेंगवर्गीय झाडातल्या हिमोग्लोबिनशी. रक्त नाही, हृदय नाही, शिरा नाहीत, आणि हिमोग्लोबिन आहे.

पुढचा भाग सांगताना मला थोडी फुशारकी येते, कारण त्यातला एक मुलगा पवईचा. चैतन खोसला १९८५ मध्ये आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअरिंगची बी.टेक. घेऊन अमेरिकेत कॅल्टेकला गेले, जेम्स बेली यांच्याकडे. बेलीही मूळचे केमिकल इंजिनिअरच. टाकीत हवा कशी पोचवायची हे त्या शाखेचं जुनं दुखणं, आणि सगळे हुशार लोक पंख्यांचे आकार आणि बुडबुड्यांचे व्यास यांच्यामागे लागलेले. या दोघांनी टाकीला हातच लावला नाही. व्हिट्रिओसिलाचं हिमोग्लोबिनचं जनुक काढलं आणि ई. कोलायमध्ये घातलं. १९८८ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये त्यांचा छोटासा लेख आला: हवा तोकडी असताना हिमोग्लोबिनवाले ई. कोलाय जास्त वेगानं वाढतात आणि जास्त दाटही होतात. त्याच वर्षी वेबस्टर यांच्याबरोबर काम करणाऱ्या कनक दीक्षित यांनीही हे जनुक ई. कोलायमध्ये उतरवल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे त्यांनी चंडीगडला सूक्ष्मजीवांच्या हिमोग्लोबिनवर बरंच काम केलं. त्या जनुकाची आणखी एक खुबी होती. त्याची कळ त्याच्यासोबतच आलेली. ऑक्सिजन कमी झाला की ते आपोआप चालू व्हायचं, भरपूर असला की गप्प. आमच्या पॅनलवरचं पेन खाली आल्यावर ऑपरेटर उठून जे करायचा, ते हा जंतू आतल्या आत करत होता.

मग काय, जो तो हे जनुक जिथं तिथं घालत सुटला. १९९१ मध्ये स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घातलं, तर हवा कमी असताना तो अ‍ॅक्टिनोऱ्होडिन नावाचं निळं अँटिबायोटिक कितीतरी पट जास्त करायला लागला. सेफॅलोस्पोरिन करणाऱ्या बुरशीत घातलं. दूषित मातीतली रसायनं खाणाऱ्या जंतूंत घातलं. मेक्सिकोतल्या लोकांनी घेवड्याच्या मुळांवर राहणाऱ्या ऱ्हायझोबियममध्ये घातलं. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या मंडळींनी थेट तंबाखूच्या झाडात घातलं. झाड लवकर उगवलं, लवकर फुललं, हिरवंगार झालं, आणि त्यात निकोटिनही वाढलं. ते कुणी मागितलं होतं कोण जाणे.

आमच्या कंपनीत यातलं काही आलं नाही. एका सेमिनारहून परत आल्यावर मी फार उत्साहानं विषय काढला होता. प्रॉडक्शनचे साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, "बाई, जंतू बदलला की सगळी कागदपत्रं नव्यानं. मोटर बदलली तर एक इंडेंट." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ज्या जातीच्या जंतूवर लायसन्स उभं आहे, ज्याच्या प्रत्येक सवयीची वही भरलेली आहे, त्याच्या अंगात नवं जनुक घालायचं म्हणजे सगळा संसार नव्यानं मांडायचा. आणि प्रयोगशाळेतल्या लिटरभराच्या भांड्यात दिसलेला फरक वीस हजार लिटरच्या टाकीत तसाच दिसेल याची हमी कुणी देत नाही. जंतू जास्त वाढला म्हणजे औषध जास्त निघालं असंही नसतं. पुष्कळदा तो नुसताच गबर होतो.

हिमोग्लोबिन रक्ताबाहेरही असतं हे मला तसं कॉलेजात कळलेलं होतं, पण डोळ्यांना दिसलं ते शेतात. माहेरच्या शेतात सोयाबीन असतं. पोळ्याच्या सुमारास भाऊ एखादं झाड ओलं करून अलगद उपटतो, मुळावरची माती झटकतो आणि त्यावरच्या ज्वारीएवढ्या गाठींपैकी एक नखानं फोडतो. आत गुलाबी-लाल निघालं की समाधानानं मान हलवतो. पांढरी निघाली तर बिनकामाची, हिरवट निघाली तर संपलेली. नखाला तो रंग तसाच राहतो, डाळिंब सोलल्यावर राहतो त्याहून जरा मांसल. हे लालपण हिमोग्लोबिनचंच, हे जपानी शास्त्रज्ञ कुबो यांनी १९३९ मध्ये दाखवलं. ते हिमोग्लोबिन करतं झाड, आणि सोय करतं आतल्या जंतूंची. त्या जंतूंची अडचण भलतीच: श्वास घ्यायला ऑक्सिजन हवा, आणि हवेतला नायट्रोजन पकडणारं त्यांचं यंत्र मात्र मोकळ्या ऑक्सिजनच्या वाऱ्यानंही बिघडतं. म्हणून गाठीत ऑक्सिजन मोकळा फिरू द्यायचा नाही, हिमोग्लोबिनच्या हातात धरूनच आणायचा आणि जंतूच्या दारात सोडायचा. एकाच वेळी अडवणूक आणि पुरवठा. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे रेशनिंगच की." मला अजून यापेक्षा चांगलं वर्णन सुचलेलं नाही. (याच सोयाबीनच्या हिमोग्लोबिनचं जनुक यीस्टमध्ये घालून अमेरिकेत २०१६ पासून मांसाविना बर्गर विकतात. गाठ फोडणाऱ्या माझ्या माळकरी भावाला ते मात्र मी सांगितलेलं नाही.)

पण व्हिट्रिओसिलाचं हिमोग्लोबिन जंतूच्या पोटात नेमकं करतं काय? इथं मामला इतका सरळ राहत नाही. पहिलं उत्तर साधं होतं: पाण्यातून ऑक्सिजन उचलायचा आणि पेशीच्या आतल्या पडद्यावर बसलेल्या श्वसनसाखळीच्या शेवटच्या गड्याच्या हाती द्यायचा. ते प्रथिन पडद्याच्या आसपास जास्त सापडतं, याचा आधारही मिळाला. मग दुसरं उत्तर पुढे आलं. खुद्द ई. कोलायकडे स्वतःचं एक हिमोग्लोबिन असतं, जरा निराळ्या घडणीचं, आणि ते ऑक्सिजन वाहून नेण्यापेक्षा नायट्रिक ऑक्साइड नावाचा विषारी वायू निकामी करतं हे १९९८ च्या सुमाराला स्पष्ट झालं. नायट्रिक ऑक्साइड श्वसनसाखळीच्या त्याच शेवटच्या गड्याचा गळा धरतो. म्हणजे व्हिट्रिओसिलाचं हिमोग्लोबिनसुद्धा कदाचित पुरवठा वाढवत नसेल. गळा धरणारा हात सोडवत असेल. दोन्ही बाजूंनी प्रयोग आहेत आणि बहुधा दोन्ही कामं थोडी थोडी होत असावीत असंच बरेच जण मानतात. जनुक घातलं की जंतू वाढतो हे तीसहून अधिक वर्षं माहीत आहे, का वाढतो यावर अजून चर्चा आहे. माझ्या भाचीला याचा त्रास होतो. मला नाही होत. आमच्या निम्म्या बॅचेस का चांगल्या गेल्या हेही आम्हाला कुठं कळलं होतं.

नायट्रिक ऑक्साइडचं हे प्रकरण मला एवढ्यासाठी लक्षात राहिलं, की भावजयीच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचा प्रयत्न जगात खरोखर झाला होता. जंतूंना हिमोग्लोबिन करता येतं ना, मग माणसाचं हिमोग्लोबिनच जंतूंकडून करून घेऊ आणि बाटलीत भरून माणसाला देऊ. १९९० मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या सोमॅटोजेन कंपनीच्या लोकांनी माणसाच्या हिमोग्लोबिनची दोन्ही प्रकारची ग्लोबिनं, म्हणजे प्रथिनाच्या साखळ्या, ई. कोलायमध्ये एकत्र करवून घेतली, चारही साखळ्या नीट जुळलेलं, ऑक्सिजन धरणारं आणि सोडणारं हिमोग्लोबिन. रक्तगट जुळवायला नको, रक्तदात्याची वाट बघायला नको. माणसांवर चाचण्यांपर्यंत गाडी गेली. आणि अडली कुठं, तर तांबड्या पेशीच्या पिशवीतून मोकळं झालेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतला नायट्रिक ऑक्साइड शोषून घ्यायला लागलं. आपल्या शरीरात तो वायू विष नाही. तो रक्तवाहिन्यांना सैल ठेवतो. तो गेला की त्या आवळतात आणि रक्तदाब चढतो. जंतूचा जीव वाचवणारी नेमकी तीच रासायनिक करामत माणसाच्या अंगावर आली. ते औषध बाजारात आलं नाही.

तांबडी पेशी ही माझ्या मते हिमोग्लोबिनइतकीच मोठी गोष्ट आहे, पण तिचं कौतुक कुणी करत नाही.

आणि हिमोग्लोबिन म्हणजे जीवनरस वगैरे मानणाऱ्यांसाठी अंटार्क्टिकचे ते पांढऱ्या रक्ताचे मासे आहेत. योहान रूड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं १९५४ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. त्या माशांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाहीच. त्यांच्या पूर्वजांकडे होतं, ते गेलं. गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, मासा संथ, गरज थोडी. मोठं हृदय आणि पातळ, भरपूर रक्त यांवर त्याचं निभतं. आपल्याकडे आठ म्हटलं की घाबरतात, त्याचा आकडा शून्य आहे आणि तो मजेत आहे. नडत नसेल तिथं हिमोग्लोबिनची पत्रास नसते. भाचीच्या जंतूंचंही तेच आहे, फ्लास्क नीट हलत असेल, हवा खेळती असेल, तर जनुक घातलेला आणि न घातलेला दोन्ही सारखेच वाढतात.

भावजयीला मी हे सगळं सांगितलं नाही, तिला काय करायचं त्या माशाचं. पण या गोष्टी उलटसुलट करताना मला एक खटकलं. टाकीचं पेन खाली यायचं तेव्हा आम्ही पहिला प्रश्न पुरवठ्याचा विचारायचो, आणि तो बरोबर असायचा, कारण टाकीला गळती नसते. तिच्या बाबतीतही इतकी वर्षं सगळे पुरवठ्याचंच बघत होते: गोळी घेतेस का, पालेभाजी खातेस का, चहाबरोबर गोळी घेऊ नकोस. हे सगळं बरोबरच आहे. चहा लोहाला खरंच अडवतो. पण शरीर आतड्यातून दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅमच लोह उचलतं, आणि मिलिलिटरभर रक्तातून अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. साधा गुणाकार आहे. पाळीत ऐंशी मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर महिन्याचं चाळीस मिलिग्रॅम तिथंच गेलं. मी तिला एकटीला गाठून विचारलं. आधी "आमच्या घराण्यात सगळ्यांचंच असं" म्हणाली. मग हळूहळू सांगितलं, की रात्री दोनदा उठावं लागतं, चादरीखाली जुनं प्लॅस्टिक घालते, लग्नकार्याला गडद रंगाची साडी नेसते. हे तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, मुलीला माहीत नव्हतं. तीन डॉक्टरांपैकी एकानंही विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगायची ही गोष्ट आहे असं तिला वाटलं नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी दिसल्या. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या यादीत आहेत असं सरकारी पाहणी सांगते. त्यातल्या कितीजणींना कुणी चादरीबद्दल विचारलं असेल, या विचारानं माझं डोकं तापतं.

तिचे उपचार चालू आहेत. शिरेतून लोह दिलं, रक्तस्राव कमी व्हायचं औषध चालू झालं, ऑपरेशनचं पुढे ठरेल. आकडा दहाच्या वर गेला आहे. बीट अजून चालूच आहे.

परवा भाचीचा फोन आला, वैतागलेली. शेकरवर अडीचशे मिलीच्या फ्लास्कमध्ये पन्नास मिली माध्यम, म्हणजे जंतूंचं खाद्यपाणी, घेऊन तिनं वाढीचा आलेख काढला, तर दोन्ही जातींच्या रेघा एकमेकींवर बसलेल्या, फरक शून्य. मी तिला म्हटलं, अगं, एवढी हवा दिल्यावर त्याला हिमोग्लोबिनची गरजच काय? त्याच फ्लास्कमध्ये दीडशे-दोनशे मिली भर, शेकरचा वेग उतरव, मग बघ. तिनं तसं केलं आणि रेघा सुटल्या, चांगल्या बोटभर सुटल्या. आता तिच्यापुढे दुसराच पेच. पहिला आलेख प्रबंधात घालायचा की नाही? सोबतच्या मुलीचं म्हणणं, कशाला घालतेस, उगाच परीक्षक विचारत बसतील. मी सांगितलं, तोच आधी घाल, दुसरा त्याच्या खाली. "पण आत्या, त्यानं जनुकाचं कौतुक कमी होतं." होऊ दे म्हटलं. मग बोलता बोलता तिनं आणखी एक तक्रार केली, की या खेपेला गाळ मागच्यासारखा तांबूस आला नाही, फिकाच आला. जनुक आहे, पीसीआर करून पाहिलं, तरी रंग नाही. मी विचारलं, माध्यम कुठलं? तर या वेळी तिनं साधं मीठ-ग्लुकोजचं, स्वतः बनवलेलं माध्यम वापरलं होतं. त्यात लोहासाठी फेरस सल्फेट किती घातलंस, असं विचारल्यावर पलीकडे वही उलटल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला.